तितरीचं वजन

जमीरभाई बॅटरीवाला बॅटरीचं दुखणं वास घेऊन सांगतो. झाकण उघडायचं, नाक जवळ न्यायचं आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं, "मास्तर, तिसरा सेल मेला." मग मीटर लावून बघा, तिसराच मेलेला निघतो. लोहाऱ्यात एमआयडीसीच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं दुकान आहे आणि मागच्या दोन खोल्यांत घर. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं, जोड मारायचे, हेच तो तीस वर्षं करतो आहे. हात कोपरापर्यंत राखाडी, कोणत्याही साबणाला दाद न देणारे.

मी भावसिंग राठोड, जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त मास्तर. शेजारच्याच गल्लीत राहतो आणि सकाळचा चहा त्याच्या दुकानात घेतो. न विचारता सल्ला देण्याची खोड मला नोकरीत जडली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. जमीरभाई स्वतः चौथी नापास. त्यामुळे मास्तर बोलला म्हणजे त्याच्यासाठी संपलंच. एवढा आज्ञाधारक विद्यार्थी मला वर्गातही कधी मिळाला नाही.

तितरी ही त्याच्या मुलाची कोंबडी. अंगावर तितरासारखे ठिपके म्हणून जफरने तिचं हे नाव ठेवलं होतं. जफर अडीच वर्षांपूर्वी घर सोडून हैदराबादला एका गॅरेजात गेला, तेव्हापासून तो बापाशी बोलत नाही. दर शुक्रवारी आईला, रौशनबींना, फोन करतो आणि पहिलं विचारतो ते तितरीचं. फोन स्पीकरवर असायचा. जमीरभाई पडद्याआड बसून बोटांनी खूण करायचा, या आठवड्यात चार अंडी, या आठवड्यात पाच. रौशनबी ते पाहून पोराला सांगायच्या. बापलेकात एवढंच बोलणं उरलं होतं, तेही कोंबडीच्या आडून.

पोरगा का गेला, हे मला सांगितलंच पाहिजे. जफर तिसरी ते पाचवी माझ्या वर्गात होता. काडीसारखा बारीक. गणित सुरू झालं की पोट धरून बाकावर डोकं टेकायचा. दुसऱ्या दिवशी विचारावं तर आदल्या दिवशीचं काही आठवायचं नाही. मी त्याचं नाव 'पोटदुख्या' ठेवलं. वर्ग हसला, मग गल्ली हसली. जमीरभाईला मी बोलावून सांगितलं की पोरगं ढोंगी आहे, दोन रट्टे द्या, ताळ्यावर येईल. त्याने दिले. दोन नाही, पुष्कळ दिले. दहावीत दोनदा नापास झाल्यावर पोरगा दुकानात बसू लागला, तर बापही गिऱ्हाइकांसमोर त्याला त्याच नावाने हाक मारायचा. एक दिवस जफरने हातातला पाना खाली ठेवला आणि तो गेला.

यंदा होळीनंतर रौशनबींनी बाजारातून चार नव्या कोंबड्या आणल्या. त्या टोचून टोचून तितरीला दाण्यापासून हाकलू लागल्या. ती खंगत चालली. जमीरभाईने तिला पिशवीत घालून भंगाराच्या काट्यावर टांगलं, तर पावणेदोन किलोची कोंबडी सव्वा किलोवर आलेली. त्याचा चेहरा पडला. जफर बकरीदेला येतो म्हणाला होता, आईला भेटायला आणि तितरीला बघायला. ती नसली तर तो उंबऱ्यात तरी थांबेल का, हीच बापाची धास्ती.

"तिला वेगळी काढा," मी सांगितलं. "दुकानात आणा, डोळ्यासमोर ठेवा आणि स्वतःच्या हाताने चारा."

दुसऱ्या दिवशी तितरी त्याच्या बाकाखाली, पायाला सुती दोरी. त्याने जी सेवा केली ती पोटच्या लेकराचीही कोणी करत नाही. ज्वारीच्या कण्या, उकडलेलं अंडं, ठेचलेला लसूण. गिऱ्हाईक उभं राहायचं आणि हा बाकाखाली डोकं घालून "खा ना माय, खा" करत बसायचा. रोज सकाळी वजन. पहिल्या आठवड्यात शंभर ग्रॅम वाढलं, तर त्याने मला जिलेबी खाऊ घातली आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं डोस्कं म्हंजे डोस्कं हाये." मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू.

मग वजन उतरायला लागलं. पंख लोंबले, विष्ठा हिरवी झाली, छातीचं हाड कोयत्याच्या पात्यासारखं हाताला लागू लागलं. दाणा चोचीत धरायची आणि सोडून द्यायची. रौशनबी म्हणाल्या की तिला अंगणात सोडा, कोंबडीला माती पाहिजे. जमीरभाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, नको, परत टोचतील. विषय तिथेच संपला.

अजून आठ दिवस गेले. किलोलाही ती भरेना, तेव्हा आम्ही माझ्या स्कूटरवरून तिला यवतमाळला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर शीलाताई तरुण होत्या, पण घाई नव्हती. काय खाते, विचारलं. जमीरभाईने अभिमानाने यादी सांगितली. कुठे ठेवता? माझ्या बाकाखाली. दुकान कसलं आहे?

"बॅटरीचं," तो म्हणाला, आणि डॉक्टरांचा हात कोंबडीच्या पोटावर थांबला.

औषध होतं, पण उशीर झाला होता. तासाभरात तितरी टेबलावरच गेली. कारण पक्कं करायला पोट उघडू का, असं डॉक्टरांनी विचारलं. जमीरभाईने होकारार्थी मान हलवली. कोंबडीला दात नसतात, दाणा दळायला ती खडे गिळते आणि ते संगदाण्यात साठवते, हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं आहे. तितरीच्या संगदाण्यात खडे नव्हते. राखाडी दाणे होते, ज्वारीएवढे. जमीरभाईने एक उचलून नखाने दाबला. नखाची खूण उमटली.

"शिसं हाये," तो म्हणाला. "माह्याच हातचं. जोड मारताना थेंब गयतात ना, ते."

त्याने दाणा तळहातावर घेतला. मग विचारलं, "मॅडम, लेकराले बी होते का असं? माहा पोरगा त्याच बाकाखाली खेये. हेच थेंब चिंचोक्यावानी तोंडात ठेवे."

डॉक्टर म्हणाल्या, "मी जनावरांची डॉक्टर आहे. पण हो, मुलांना होतं. पोट दुखतं, अंग धरत नाही, केलेला अभ्यास डोक्यात राहत नाही. तुमच्या मुलाचं तेच होतं की नाही, हे आता इतक्या वर्षांनी सांगता येणार नाही."

मी भिंतीवरचा गाईंच्या जातींचा तक्ता वाचू लागलो. सगळा वाचला. एक शब्द डोक्यात राहिला नाही.

बाहेर कडुनिंबाखाली पायरीवर जमीरभाई पिशवी मांडीवर घेऊन बसला. म्हणाला, "आता त्याले काय सांगू?" मला पहिल्यांदाच सल्ला सुचला नाही. त्याने स्वतःच फोन लावला, अडीच वर्षांत पहिल्यांदा, आणि त्याच्या सवयीने स्पीकरवर. बापाचा आवाज ऐकून जफर घाबरला, अम्मीला काय झालं म्हणून विचारू लागला. जमीरभाईने आपल्या घरच्या हिंदीत सगळं सांगितलं. तितरी गेली. माझ्या दुकानाने खाल्ली. डॉक्टर पक्कं सांगत नाही, पण मला कळलं, तुझं पोट खरंच दुखत होतं. तू ढोंग करत नव्हतास. मी तुला मारलं.

पलीकडे गॅरेजातली ठोकाठोक ऐकू येत होती. मग कोणीतरी शटर ओढलं असावं, आवाज कमी झाला.

"मैं बोलता था ना, अब्बा," जफर म्हणाला.

एवढंच. जमीरभाईने राखाडी हाताने डोळे पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. मी मान हलवली, हाताने नको नको केलं. माझ्या शब्दाखातर पोराला मारणारा माणूस होता तो, पण या वेळी त्याने माझं ऐकलं नाही. फोन माझ्या हातात ठेवला.

"जफर," मी म्हणालो.

"कौन?" त्याने विचारलं. माझा आवाज त्याला ओळखू आला नाही. त्या नावाने मी त्याला कधी हाक मारलीच नव्हती.