हमीदाबायची तारापुरी

त्या सकाळी हमीदाबायच्या शबनमचा फोन आला. “मावशी, आय गेली...” एरवी चारचौघांत आईला अम्मी म्हणणारी ही मुलगी त्या क्षणी घरच्या बोलीत रडत होती. त्याला आता काही आठवडे झाले.

हमीदाबाय आणि मी तारापुरात शिवणाचं दुकान चालवायचो. मी साताऱ्याकडची, नवऱ्याच्या बोईसरमधल्या नोकरीमुळे इथे आलेली. तिची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. बोईसरच्या बायका पाटीवर तिचं नाव वाचून मोडक्या हिंदीत सुरुवात करायच्या, “ब्लाऊज कब मिलेगा?” ती मान वर न करता सांगायची, “सोमवारी देते. आन् तुमी मराठीच ना? मग हिंदी कशाला?” तिच्या गल्लीत फुपी म्हणत, समोरच्या आळीत आत्या, पण आमी, तुमी, हाय, नाय दोन्हीकडे सारखंच. अलीकडे मात्र तिच्या गल्लीतल्या मुलींच्या तोंडी केळ्याचं हिंदीतलं केला होऊ लागलं होतं. आपल्या लोकांनी असंच बोलावं, असं त्यांना कोणी ना कोणी सांगत असे.

शबनमला भिवंडीचं स्थळ आलं तेव्हा हमीदाबायच्या थोरल्या भावाने तेच बजावलं, “गावठी बोलू नकोस, साफ हिंदीत बोल.” मी त्या दिवशी मदतीला गेले होते. मुलाच्या आईने विचारलं, “बेटी, घर में कौन सी ज़बान बोलते हो?” शबनम मामाकडे बघत राहिली. उत्तर दिलं ते हमीदाबायने. “मराठी. तारापूरची. पोर कुराण अरबीत वाचते, नमाज चुकवत नाय, आन् माझ्याशी भांडते मराठीत.” पाहुणीण हसली, पण तिचे यजमान हसले नाहीत. “अपने लोगों जैसी बोली तो होनी चाहिए,” ते म्हणाले. त्यावर हमीदाबाय शांतपणे म्हणाली, “आमी आपलेच हाव. बोली आमच्या गावची हाय.”

नकार आला. भाऊ त्या ईदला घरी फिरकला नाही. मी विचारलं, वाईट वाटतं का? “स्थळ गेलं, वैनी. पण पोर आता मामाकडे बघून बोलत नाय.” आणि ते खरंच होतं. पुढे शबनमने बोईसरमध्येच औषधांच्या दुकानात नोकरी धरली, तिथल्याच एका मुलाशी स्वतः ठरवून लग्न केलं. निकाहाच्या दिवशी सासूशी ती अशी खणखणीत तारापुरी बोलत होती, की हमीदाबाय मला कोपराने ढोसत राहिली.

दुकानातलं मशीन आता मी घरी आणलंय. सुईत दोरा ओवताना हमीदाबाय दोऱ्याशी बोलायची, त्यालाही ‘बाय’ म्हणत लाडीगोडी लावायची. परवा दोरा काही केल्या जाईना, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “ये ना गं बाय, किती सतावशील?” आतल्या खोलीतून यांनी विचारलं, “कोण आलंय गं?”

“कोणी नाय,” मी म्हणाले.