धारची गाडी

आमच्या गल्लीत बंडूभावजींना लोक तोंडापेक्षा पायांवरून जास्त ओळखत. दिवसभर ते कुणाच्या तरी गाडीखाली असत, बाहेर फक्त दोन पाय. लोक पायांशी बोलत, उत्तर खालून येई. ते माझे धाकटे दीर. देवासला आमच्या घराच्या पुढच्या भागात त्यांचं गॅरेज होतं. बायको लवकर गेली. त्यांची मंगल माझ्या हाताखाली वाढली.

गाडीला तपासणीचं मशीन लावल्यावर गिऱ्हाइकानं घाई केली की म्हणत, "भिया, मशीन सिर्फ मोहल्ला बताती है. घर तो ढूँढना पड़ेगा ना!" हे घर, म्हणजे नेमका बिघाड, सापडेपर्यंत चहा गार व्हायचा. मी ओरडले की खालून यायचं, "वहिनी, चहा परत तापतो. सुटलेला धागा परत हाती लागत नाही."

मंगलचं लग्न धारला झालं. जावई वाईट नाही, पण कामाशिवाय सासुरवाडीला फिरकत नसे आणि तिला एकटीला पाठवत नसे. मग त्याच्या गाडीत स्टिअरिंगसमोर बिघाडाची पिवळी लाइट लागायला लागली. सायलेन्सरच्या पाइपावर एक सेन्सर असतो. तो गरम झाल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो. धारच्या मिस्त्रीनं मशीन लावून सांगितलं, हीटर गेला. नवा सेन्सर बसवला, तरी लाइट आलीच. तेव्हा गाडी देवासला आली, मंगलला घेऊन.

भावजींनी पाहिलं, तर फ्यूज उडालेला. "जावईबापू, सेन्सर चांगला आहे. तार कुठंतरी टेकतेय. दिवसभर गाडी ठेवा, नाहीतर हा परत उडेल." जावयाला घाई होती. फ्यूज तेवढा बदलून घेऊन दोघं गेले. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. वर्षभर असं चाललं. दर खेपेला मंगल माझ्याजवळ बसून जेवायची, बापाच्या डोक्याला तेल लावून जायची.

एकदा जावयाचं देवासलाच दिवसभराचं काम निघालं. भावजी गाडीखाली शिरले. मला उजेडाला बॅटरी धरायला लावली. तार क्लिपमधून सुटून तापणाऱ्या पाइपावर पडली होती. वरचं कव्हर वितळलेलं, आतलं तांबं लोखंडाला लागत होतं. "मिल गया घर!" म्हणून हसले.

मंगल आत लसूण सोलत होती. मी हळूच म्हटलं, "भावजी, आजही फ्यूजच बदला. पोरगी परत येईल."

पाय हलायचे थांबले. खालून आवाज आला, "वहिनी, ही उघडी तार उद्या शेजारच्या इंजिनच्या तारांनाही जाळेल. इंदूर बायपासला ट्रकांच्या मधे गाडी बंद पडली तर? माझीच पोर बसते ना त्यात."

"इतक्या दिवसांत नाही पडली."

"ती इथून निघाली की धारला पोचल्याचा फोन येईपर्यंत मी जेवतो का, बघितलंय कधी?"

त्यांनी तार कापून नवी जोडली, न वितळणारं कव्हर चढवलं, पाइपापासून लांब बांधली. संध्याकाळी मंगल गेली. लाइट पुन्हा लागली नाही.

रविवारी ते फोन करायचे. "लाइट आली का?" "नाही बाबा." "बढिया." फोन ठेवून तिथंच बसून राहत. राखीला मंगलची सासू आजारी, दिवाळीला घरात पाहुणे. ती आली नाही. भावजींच्या छातीत दुखायचं, तेही तिला कळवू देईनात. "बोलावलं की तिला तिथं भांडावं लागतं. राहू द्या."

मार्गशीर्षात एका सकाळी मी चहा घेऊन गेले, तर भावजींचं अंग गार पडलेलं. गाडी धारहून कुठंही न अडता दुपारी पोचली. मंगल दारातच बसली. मी म्हटलं, "नंतर रड. आधी तोंड बघून घे, लोक थांबलेत."

तेरावं झाल्यावर तिनं विचारलं, "काकू, बाबा फोनवर फक्त गाडीचंच विचारायचे. माझं का नाही?"

मी तिला गाडीखालून झालेलं सगळं बोलणं सांगितलं.

"म्हणजे दुरुस्त केली तर मी येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं?"

"होतं."

ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. भावजींचं बरोबर होतं, एवढं मला कळतं. पण मला विचाराल तर मी आजही म्हणेन, फ्यूजच बदलायला हवा होता.