जिजाजींना दाखवायचे जोडे

आमचे हे कार्यपालन यंत्री, म्हणजे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, झाले तेव्हा खात्याने त्यांना एक मोठी खोली, न चालणारा एसी आणि दारावर पाटी दिली. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं होतं. पण पेढे द्यायला आम्ही वारासिवनीला गेलो, आणि त्यांचे जिजाजी, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचे यजमान, फाटकातच भेटले. जिजाजी निवृत्त तहसीलदार. निवृत्त झाले तरी माणसाची पाहणी खालपासून वर करायची सवय सुटलेली नाही. त्यांनी यांच्या सँडलपासून सुरुवात केली. एका सँडलचा मागचा पट्टा तारेने बांधलेला होता.

"साळेबुवा, साहेब झाले तुमी," जिजाजी म्हणाले, "पण पाय अजून बाबूचेच हायेत."

परतताना हे प्रत्येक चपलांच्या दुकानापाशी गाडी हळू करत होते. मी समजले की आता काहीतरी खर्च होणार.

पुढच्याच महिन्यात नागपूरच्या मीटिंगहून हे एक खोका घेऊन आले. आत मऊ कापडाच्या दोन पिशव्या होत्या आणि एकेका पिशवीत एकेक जोडा. गडद तपकिरी, तळवासुद्धा चामड्याचा, पुढे बारीक भोकांची नक्षी. मी किंमत विचारली.

"अवं, जन्मभर टिकते हे," ते म्हणाले. मला उत्तर मिळालं.

जोड्यांच्या मागोमाग कुरियरने त्यांचा संसार आला. पॉलिशच्या तीन डब्या, घोड्याच्या केसांचा ब्रश, टाच सरकवायची लांब दांडी आणि आत घालून ठेवायचे लाकडी पाय. रविवारी सकाळी हे मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ लावत. तो हातमोजे घालून बुटाला मालिश करायचा आणि मधूनमधून डोळे मिटायचा. त्याचं बोलणं यांना अर्धंच कळायचं, पण श्रद्धा पूर्ण होती. माझ्या जुन्या सुती साडीचे तुकडे करून हे त्याच्याबरोबर मालिश करत. जोडा एकदा घातला की दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी द्यायची असते, कारण चामडं श्वास घेतं, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी कॉलेजात इतिहास शिकवते. लढाईआधीच दमलेले सरदार माझ्या माहितीचे होते, पण जोडे मी पहिल्यांदाच पाहत होते.

पण ते जोडे पायात कधी चढायचे नाहीत. ऑफिसात धूळ, साइटवर चिखल, बाजारात गर्दी. मी एकदा विचारलं, "मग घालणार केव्हा?"

"जिजाजीले दिसले पाह्यजे पहिले," ते म्हणाले. "पायात दिसले पाह्यजे. मंग रोज घालतो."

हे एवढंच त्यांना हवं होतं. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या लोकांच्या भेटी कुठे होतात हे त्यांनी लक्षात घेतलं नव्हतं. आमच्यात माणूस माणसाला भेटतो तो घरात, देवळात नाहीतर मांडवात, आणि तिन्ही ठिकाणी आधी जोडे काढावे लागतात.

पहिला प्रयत्न वारासिवनीलाच झाला. फाटकात जिजाजी नव्हते, त्यांचा कुत्रा होता. तो कुत्रा चपला खातो, ही सगळ्या नात्यागोत्यात माहीत असलेली गोष्ट आहे. यांनी जोडे गाडीतच काढले, पिशव्यांत घातले, गाडीला कुलूप लावलं आणि मोज्यांवर आत गेले. ओसरीत उभ्या जिजाजींनी खालपासून पाहणी केली.

"आता चप्पल बी सुटली का?" त्यांनी विचारलं.

दुसरा प्रयत्न रामपायलीला. जिजाजी सहकुटुंब दर्शनाला येणार म्हणून आम्हीही गेलो. देवळाबाहेर चपलांचा ढीग होता. ढिगाकडे पाहून यांचा चेहरा पडला. आपले जोडे त्या ढिगात घालणं त्यांना शक्य नव्हतं आणि घालून आत जाणं तर मुळीच नाही. ते ओट्यावर राखण करत बसले. आत, आमच्या आधीच पोचलेले जिजाजी मला म्हणाले, "साळेबुवा नाही आले?" मी म्हटलं, बाहेर आहेत. "नास्तिक झाला का तो?" मी म्हटलं, नाही, उलट जरा जास्तच श्रद्धाळू झाले आहेत. बाहेर आलो तोवर हे जोडे घेऊन सावली शोधत दूर गेलेले होते, कारण उन्हाने चामडं तडकतं.

मग लांजीचं लग्न आलं. नात्यातलंच, मोठ्या लॉनवर, उभ्याने जेवायचं, जोडे काढायचं कारण नाही. हे सकाळपासून खुशीत होते. लॉनवर पोचताच जिजाजींच्या समोरची खुर्ची धरली, पायावर पाय टाकला आणि वरचा जोडा हळूहळू हलवू लागले. इतका की शेजारच्या बाईंनी विचारलं, मुंग्या आल्या का.

जिजाजी मान ताठ धरून बसले होते. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं परवा," ते म्हणाले. "डॉक्टरनं खाली वाकू नको म्हटलं, उजेडात पाहू नको म्हटलं. कोण बसून हाये समोर?"

"मी हावो, जिजाजी."

"असं. आवाज बारीक काहून झाला तुमचा?"

निघताना पाऊस आला. हे पार्किंगपर्यंत जोडे कोटाखाली धरून, चिखलातून अनवाणी धावले. तरीही दोन्ही जोडे भिजले. व्हिडिओतला माणूस म्हणतो की ओला जोडा उन्हात ठेवू नये, चुलीजवळ ठेवू नये, कागद कोंबावा. आमच्या हवेत कागदच ओला असतो. यांनी पुढे काय केलं ते मला सांगितलं नाही, आणि मी लग्नाच्या जेवणाने सुस्तावून झोपून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नणंदबाई आणि जिजाजी लांजीहून परतताना आमच्याकडे जेवायला थांबले. न सांगता, कारण बहीण भावाकडे सांगून येत नाही. नणंदबाईंनी पदर खोचला आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी वरणाला फोडणी देत होते. त्यांनी तांदळाची कोठी उघडली, माप आत घातलं. माप कशाला तरी अडलं. त्यांनी हात घातला आणि चिन्नोर तांदळातून एक तपकिरी जोडा वर काढला.

त्यांनी तो मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत धरला.

"भाऊ," त्यांनी हाक मारली, "तू कोठीत जोडे काहून ठेवून राह्यला?"

हे दारात आले. "पाणी ओढते तांदूळ," ते म्हणाले. "शेजाऱ्याचा मोबाइल वाचला होता असाच."

"अन् आमी काय खावाचं? मोबाइल?"

आवाज ऐकून जिजाजीही आले. त्यांनी काळा चष्मा काढला, जोडा हातात घेतला, फुंकर मारून तांदूळ उडवले, खिडकीशी नेला. नक्षीवरून बोट फिरवलं. तळवा वाजवून पाहिला. वास घेतला. हे टाचा उंचावून पाहत होते.

"काय माल हाये," जिजाजी म्हणाले. "साळेबुवा, याले म्हणते साहेबाचा जोडा. खरं चामडं. नजर नवी आली अन् पहिली गोष्ट हे पाह्यली मी."

हे इतके आनंदले की त्यांना कोठीचा आधार घ्यावा लागला.

मग जिजाजींनी जोडा जमिनीवर ठेवला आणि त्यात पाय घातला. दुसराही कोठीतून काढून घेतला. माप बरोबर बसलं. माझ्या स्वयंपाकघरात, देवाच्या फळीसमोर, जिजाजी दोन येरझाऱ्या घालून आले आणि आतले तांदूळ कुरकुरले.

"मले तं एकदम फिट हायेत," ते म्हणाले.

आमच्या घरात जावयाने एखादी वस्तू दोनदा पाहिली की ती त्याची होते. मागायची पद्धत नाही आणि नाही म्हणायची तर त्याहून नाही. सासऱ्यांची सागवानी आरामखुर्ची अशीच गेली. पितळी घंगाळही गेलं. एक बोलका पोपट गेला, तो अजून वारासिवनीत आमच्या सासूबाईंच्या आवाजात चहा मागतो. यांच्या चेहऱ्यावर मला ती सगळी मिरवणूक जाताना दिसली.

"चावते लय," हे म्हणाले.

"सैल पडतात घातले की."

"जिजाजी, चामडं नाही ते."

"नाही? मले तं चामडं वाटून राह्यलं."

"रेक्झिन हाये. आजकाल असंच बनवते. गोंदियाच्या फुटपाथवरून घेतले."

जिजाजींनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, खरं का?"

विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की साक्षीदाराचा हेतू आधी तपासावा. "हौ," मी म्हटलं. "रेक्झिनच. पावसात रंग जातो, म्हणून तर तांदळात घातले."

जिजाजींनी हळूच पाय काढून घेतले. चेहऱ्यावर आता ओळखीची, घरची करुणा आली.

"काय साळेबुवा," ते म्हणाले, "एवढे मोठे साहेब, अन् रेक्झिन घालता. मले सांगाचं होतं. दिवाळीले मी घेऊन देतो एक चांगला जोडा."

"हौ," हे म्हणाले.

भात त्याच कोठीतल्या तांदळाचा झाला. धुतलं की सगळं जाते, असं नणंदबाईंचं मत पडलं, आणि जिजाजींनी दोनदा घेतला. जेवता जेवता त्यांनी रेक्झिनचा विषय पुन्हा काढला. निघताना गाडीच्या खिडकीतून पुन्हा एकदा. वारासिवनीत त्यांचे तीन भाऊ आहेत, तेव्हा पुढचं सांगायला नको.

गाडी वळल्यावर हे ओट्यावर बसले. जोडे मांडीवर घेतले आणि काडीने नक्षीच्या भोकांतून चिन्नोराचा चुरा काढू लागले.

"अवं," शेवटी म्हणाले, "या जोड्याइच्या तोंडावर त्याइले रेक्झिन म्हटलं मी. काय वाटलं असन बिचाऱ्याइले?"

"रेक्झिनले काय वाटते," मी म्हटलं, आणि घोड्याच्या केसांचा ब्रश आणून दिला.