दणके सरांची फुकटची मदत

आमच्या दणके सरांचा हात आधी चालायचा, तोंड मागून. मॉनिटर थरथरला, दणका. प्रिंटरमध्ये कागद अडकला, दणका. पोराने चुकीची कळ दाबली, त्याच्याही पाठीत दणका. श्रीरामपुरात सरकीच्या दुकानावरच्या माडीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि मी तिथे टायपिंगच्या कामाला होते. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते फक्त पाटीवर.

सर पाथर्डीकडचे, ऊसतोडणी कामगाराचे पोर. "माझ्या बापानं जल्मभर कोयता हाणला. हाणल्याबिगर काय बी मिळत न्हाई," म्हणायचे. सॉफ्टवेअरच्या अडचणी इंटरनेटवर फुकट सोडवून देणाऱ्या एका गटाचा पत्ता मासिकात आला होता. तो मी दाखवला तर खेकसले, "फुकट सल्ला देणाऱ्याच्या आधी कानफटात द्यावी!" मला या माणसाचा संताप यायचा. खोटं कशाला बोलू?

माझे वडील, आबा, भीमगीतं रचायचे. वहीत एकही नाही, सगळी तोंडपाठ. आजाराने त्यांचा घसा बसायला लागला तेव्हा मी त्यांना रोज दुपारी क्लासवर आणायचे. ते सांगायचे, मी टाईप करायचे. पावसाळ्यात आबा गेले. गाणी ठेवलेल्या फ्लॉपीला बुरशी लागली, आणि एका सकाळी मशिनमधली फाईलही उघडेना.

सरांनी मशिनवर मूठ उगारली. मी मनगट धरलं. त्यांनी असा हिसडा दिला की माझं कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं आणि रक्त डोळ्यांवर ओघळलं. "मारा! आबा आहेत त्यात, मारा त्यांना!" मी किंचाळले. सर थिजले. मग वळून तीच मूठ त्यांनी खिडकीच्या काचेत घातली. डॉक्टरकडे दोघं एकाच रिक्षातून गेलो. मला चार टाके, त्यांना अकरा.

दुसऱ्या दिवशी उजवा हात गळ्यात अडकवून ते माझ्या मागे उभे. "काढ तो पत्ता. लिही, अरे मुडद्यांनो, फाईल उघडून द्या न्हाईतर तंगड्या तोडीन." मी इंग्रजीत लिहिलं, 'महोदय, कृपया मदत करा. यात माझ्या वडिलांची गाणी आहेत.' सरांनी वाचलं. "हं. धाड," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कुठल्याशा देशातल्या अनोळखी माणसाचं उत्तर आलं. मूळ फाईलला हात लावू नका, तिची नक्कल काढा, ती साध्या मजकुराच्या प्रोग्राममध्ये उघडा, मग तुमचा फॉन्ट लावा. पडद्यावर आधी नुसता कचरा आला, मग आबांची पहिली ओळ. मी हमसून हमसून रडले. सर पुटपुटले, "कोण कुठला... हात न लावता केलं की गं त्यानं!"

पुढे सर स्वतःच त्या गटावर लोकांच्या अडचणी सोडवू लागले, डाव्या हाताच्या एका बोटाने. म्हणून संत झाले असं नाही. महिन्याभरात घरमालकाची गचांडी धरलीच. आणि एक दिवस स्टँडवर एका जीपवाल्याशी जुंपली. पहिला दणका सरांचाच. जीपवाल्याने चाक खोलायची लोखंडी टॉमी काढून सरांच्या डोक्यात घातली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आठवड्याने मी क्लास उघडून इंटरनेट लावलं. सरांच्या नावाने एका परक्या बाईंचं पत्र आलेलं. 'तुमच्याइतका शांत माणूस मी पाहिला नाही. माझी फाईल पुन्हा अडली आहे.' मी कपाळावरच्या वणावर बोट फिरवलं. हसू आलं, आणि मेल्याने असं का मरावं म्हणून रागही आला. खरं काय ते कळवावं म्हणून कळांवर हात ठेवले, आणि लिहिलं:

'सर गेले. ते शांतच होते. मूळ फाईलला हात लावू नका.'