पाच सुरांची पेटी

तरुणपणी मी फार शहाणी होते. अंबरनाथच्या एका रेडिओ कारखान्यात नऊ वर्षं सोल्डरिंगला होते आणि अशा तोऱ्यात चालायचे, जणू देशातली सगळी गाणी माझ्याच बोटांतून निघून लोकांच्या कानात जातात. खरं सांगायचं तर एका रेडिओत माझे टाके चारच. डायोडचे दोन, कपॅसिटरचे दोन, की सरकव ती सर्किटची पाटी पुढच्या बाईकडे. तो डबा बोलतो कसा हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आताही नाही. पण घरी येऊन ह्यांना मात्र ऐकवायचे, "तुमच्या पेटीचं काय मोठं? भाता मारला की कुणीही वाजवील. आमचं काम बघा!"

हे बदलापूर गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, दर गुरुवारी. एवढ्या वर्षांत मी एकही भजन शेवटपर्यंत ऐकलं नाही. उभं राहून पाय दुखतात, मी म्हणायचे. दुखायचेही. पण हळदीकुंकवाला तेच पाय हेंद्रेपाड्याची चार घरं हसतखेळत फिरून यायचे.

मागच्या वर्षी ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात शाबूत राहिला, डावा मांडीवर पडून असायचा. बोलणं जड झालं, पण कळेल इतकं. आता पेटीला उजवा हात सुरांवर लागतो तसा डावा भात्यावर लागतो. मी म्हटलं, भाता मी मारते. दोन दिवस मारला. कणीक तिंबावी तसा. सूर मध्येच फुगायचा, मध्येच मान टाकायचा. तिसऱ्या दिवशी ह्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "मंडळाला देऊन टाक." मंडळात पखवाज वाजवणारे भावोजी आले आणि रिक्षात मांडीवर घेऊन गेले.

त्यानंतर हे भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. चहा तसाच, जेवण तसंच. मुलानं तयार कीबोर्ड आणायचं काढलं तर म्हणाले, "खेळणं नको." पुढे बोलायचंच बंद केलं. मला भीती वाटायला लागली की हा माणूस असाच भिंतीत जाणार.

उल्हासनगरला मिक्सर दुरुस्तीला टाकायला गेले होते, तेव्हा त्या दुकानात एक पुडकं टांगलेलं दिसलं. आत एक हिरवी पाटी, चिमूटभर सुटे भाग, आठ बटणं, एक छोटा स्पीकर. घरी जोडायचा सिंथेसायझर, म्हणजे बॅटरीवर वाजणारी छोटी पेटी. दुकानदार सिंधी, तोंडाचा गोड. म्हणाला, "माताजी, पोते के स्कूल का प्रोजेक्ट है?"

"नहीं भाई, पोते के दादा का."

घरी येऊन ह्यांच्यापुढे पुडकं ठेवलं. "ह्याला भाता नाही. एका हातानं वाजतं. आणि मी स्वतः जोडणार आहे."

"तू?" हे हसले, तोंडाच्या एकाच बाजूनं. कितीतरी दिवसांनी हसले.

"मी. रेडिओवाली. मी केलेलं तरी वाजवाल ना?"

उजव्या हातानं पुडकं उलटंसुलटं केलं. मग म्हणाले, "तू केलंस... तर वाजवीन."

झालं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कारखाना मांडला. भिंग, चिमटा, नवीन सोल्डरिंग आयर्न. तापलेल्या राळेचा तो वास आला आणि मी पुन्हा बावीस वर्षांची झाले. म्हणजे तितकीच मूर्ख. भिंगाशिवाय दिसायचं नाही, पण टाका पडायचा तो गोल, चकचकीत, साबुदाण्यासारखा. चार दिवसांत सगळं जोडून झालं. बॅटरी लावली, बटण दाबलं.

काही नाही. साधी खरखरही नाही.

मी बॅटरीला शिव्या दिल्या, दुकानदाराला दिल्या, स्पीकर बनवणाऱ्या कोण कुठल्या माणसाला दिल्या. मग एकेक टाका वितळवून पुन्हा घातला. मग पुन्हा. तीन आठवडे. हे विचारायचे, "झालं?" मी म्हणायचे, "माझा टाका चुकत नाही. मालच भिकार आहे." पहिल्या आठवड्यात हे "होईल" म्हणायचे. तिसऱ्यात म्हणाले, "राहू दे गं." आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

पुडक्यासोबत कागद होता. तो मी उघडलाही नव्हता. रेडिओवालीनं कागद बघून काम करायचं? त्या दिवशी दुसरं काही सुचेना म्हणून उघडला आणि भिंगाखाली धरला. डायोडच्या एका टोकाला काळी रेघ असते. कारखान्यात आमच्या मुकादमानं पहिल्याच दिवशी घोकून घेतलं होतं : रेघ आपल्या पोटाकडे. पाट्या पट्ट्यावरून नेहमी एकाच बाजूनं यायच्या, म्हणून तिथे ते बरोबर होतं. नऊ वर्षं मी रेघ पोटाकडे ठेवली आणि आताही डोळे झाकून तशीच ठेवली होती. कागदावर ती अगदी उलट बाजूला छापली होती. इतकंच. पाच मिनिटांचं काम.

डायोड उपटला, फिरवून बसवला. बटण दाबलं आणि बोक्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला. भिंतीकडचं तोंड गर्रकन वळलं.

"हा सूर आहे?" ह्यांनी विचारलं.

"सूर तुम्ही सांगायचा. मी फक्त टाके घालते."

प्रत्येक बटणाखाली एक बारीक स्क्रू होता. तो फिरवला की आवाज चढायचा, उतरायचा. मला चढ-उतार कळतो, बरोबर कुठलं ते मुळीच कळत नाही. मग मी पेचकसानं फिरवायचे आणि हे डोळे मिटून सांगायचे, "वर... वर... अगं केवढा! खाली. बहिरी आहेस का?" आणि जिथे जुळायचं तिथे नुसता तळहात दाखवायचे. दमायचे लवकर, म्हणून एका सकाळी एकच सूर. पाच दिवसांत सा ते प लागले. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "पाच तर झाले. थोडं वाजवा की, मला ऐकायचंय." असं जन्मात मी पहिल्यांदाच म्हणत होते.

"अर्ध्या ताटावर... जेवतात का? आठ होऊ देत."

सहाव्या सकाळी पुन्हा वारं गेलं. दवाखान्यात दोन दिवस होते. माझा हात धरून होते की मीच त्यांचा, ते मला नीट सांगता येणार नाही.

तीन आठवडे. ते त्या टाक्यांत वाया गेले नसते तर आठही सूर लागून वर दोन गुरुवार उरले असते. हा हिशोब मी कुणाला सांगत नाही. मुलगा म्हणेल, आई, असं नसतं. असंच असतं.

दिवसकार्य झाल्यावर पखवाजवाले भावोजी भेटायला आले. टेबलावरची ती पाटी त्यांनी उचलली, बटणं एकेक दाबून पाहिली. पहिल्या पाचांना मान हलवली, सहाव्याला तोंड वाकडं केलं. "वहिनी, पेचकस द्या. उरलेले तीन मी आत्ता जुळवून देतो, पाच मिनिटांचं काम."

"आधी चहा घ्या," मी म्हटलं.

दोन कप दिले, चिवडा दिला, त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाचं सगळं विचारून घेतलं. जाताना त्यांना पुन्हा आठवण झाली. "अहो वहिनी, तो पेचकस?"

"सापडत नाही हो," मी म्हटलं. तो पूर्ण वेळ माझ्या कमरेला खोचलेला होता, पदराखाली.