मेलेल्या माणसाच्या गालावरची मुंगी

गावातल्या पोरांनी जमेल तसा काढलेला मारधाडीचा सिनेमा शाळेच्या हॉलमध्ये पाहत होतो. त्यात खलनायक झालेले, एरवी सायकली दुरुस्त करणारे दत्तूकाका शेजारीच बसले होते. पडद्यावर ते गोळी लागून पडले आणि त्यांच्या गालावर एक मुंगी चढली. पार पापणीपर्यंत गेली, तरी काका हलले नाहीत.

"चावली का हो?" मी हळूच विचारलं.

"चावली की! पण शर्ट एकच होता. त्याला रक्ताचा रंग लागल्यावर दुसऱ्यांदा कसं मरणार?"

मोठ्या सिनेमात ती मुंगी कुणीतरी पुसून टाकली असती. मग एक जिवंत माणूस इतक्या मनापासून मेलाय, हे मला कधी कळलंच नसतं.

पडद्यावर कॅमेरा अजून त्यांच्यावरच होता. मी शेजारी पाहिलं, तर काकांनी पुन्हा श्वास रोखून धरला होता.