पुढच्या सालचा फॉर्म
पांढऱ्या पडद्यासमोर काढलेला पासपोर्ट फोटो पाहिला की मला आर्णीतलं ते इंटरनेटचं दुकान आठवतं. बाहेर ऊन तापलेलं, आत लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास, आणि डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. माझा दोनदा नंबर लागला नव्हता, मी तिसऱ्यांदा भरत होतो. धाकटी बहीण बारावीला होती. तिने आपले फोटो वहीत जपून आणले होते. फिजिक्सची गणितं मला तीच समजावून सांगायची. बाबांना यातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "इचा फॉर्म औंदाच भरू का पुढच्या साली?" सराव परीक्षेत तिला माझ्यापेक्षा शंभर मार्क जास्त पडायचे, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. तिचा नंबर लागेल आणि मी मागे राहीन, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, "अजून कच्ची हाये. पुढच्या साली भरू." "दादा म्हणते त तसंच," म्हणत तिने वही मिटली. माझा नंबर त्याही वर्षी लागला नाही. पुढचे फॉर्म निघायच्या आत चांगलं स्थळ आलं आणि तिचं लग्न उरकलं. आता यवतमाळला माझं औषधाचं दुकान आहे. परवा ती तापलेल्या लेकीला घेऊन आली. डॉक्टरचं अक्षर मला लागेना, तिने घडाघडा वाचून दाखवलं. निघताना म्हणाली, "दादा, त्या साली मी खरंच कच्ची होती का रे?" मी म्हणालो, "हो."